लुईझियानाच्या दलदलीत ॲलिगेटरची शिकार: गाइडसोबत पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

अमेरिकेतल्या लुईझियाना राज्यात ॲलिगेटरच्या, म्हणजे मगरीच्या तिथल्या भाईबंदाच्या, शिकारीचा बहुतेक दिवस दोर तपासण्यात जातो. सकाळी बोट निघते, आदल्या दिवशी लावलेल्या गळांपाशी एकेक करून जाते, आणि एखाद्या गळाला जनावर लागलेलं असलं की पुढचं सगळं पाच-दहा मिनिटांत उरकतं. जनावर चटकन मरतं की तडफडतं, बोटीतले सगळे धडधाकट परततात की नाही, कातडी आणि कवटी ठेवण्याजोगी राहते की नाही, हे सगळं त्या पाच-दहा मिनिटांत ठरतं. बाकीची तयारी त्यांच्यासाठीच करायची असते.

भारतातल्या वाचकांसाठी आधीच स्पष्ट सांगायला हवं की यातलं काहीही आपल्याकडे चालत नाही. कृष्णा, सावित्री, वाशिष्ठीतली मगर वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. तिला मारणं, पकडणं, तिची कातडी बाळगणं हा गुन्हा आहे. हा लेख अमेरिकेत राहणाऱ्या किंवा तिकडे जाऊन कायदेशीरपणे ही शिकार करू पाहणाऱ्या मराठी मंडळींसाठी आहे. ह्यूस्टनकरांना तर हे जवळच पडतं. आय-१० रस्त्याने लेक चार्ल्स गाडीने अडीच तासांच्या आत येतं.

टॅग म्हणजे काय, आणि तो कुणाचा

कातड्यासाठी बेसुमार शिकार झाल्यामुळे लुईझियानाने १९६२ मध्ये ॲलिगेटरची शिकार पूर्ण बंद केली. १९६७ मध्ये केंद्र सरकारने त्याला संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत घातलं. १९७२ मध्ये कॅमरन पॅरिश या एकाच जिल्ह्यात शिकार पुन्हा सुरू झाली, १९८१ पासून ती राज्यभर खुली झाली, आणि १९८७ मध्ये ॲलिगेटर पूर्णपणे सावरल्याचं केंद्राने जाहीर केलं. आज एकट्या लुईझियानात वीस लाखांहून जास्त ॲलिगेटर आहेत.

हे ज्या व्यवस्थेमुळे जमलं तिचं नाव टॅग. राज्याचा वन्यजीव आणि मत्स्य विभाग प्रत्येक पाणथळ जमिनीचा प्रकार आणि क्षेत्रफळ पाहून तिथून किती जनावरं काढता येतील ते ठरवतो आणि तेवढेच क्रमांकित टॅग, म्हणजे मारलेल्या जनावराच्या शेपटीत अडकवायच्या पट्ट्या, देतो. टॅग ज्या जमिनीसाठी दिला त्याच जमिनीवर वापरायचा. शेजारच्या खाडीत मोठं धूड दिसलं तरी तिथे तो चालत नाही. जमिनीच्या मालकाला ॲलिगेटरपासून उत्पन्न मिळतं, म्हणून तो दलदल बुजवत नाही, तिच्यातलं पाणी राखतो. तुम्ही गाइडला जे पैसे देता त्यातला एक भाग या साखळीतून त्या जमिनीपर्यंत पोहोचतो, हे आम्हाला या शिकारीतलं सर्वात मोलाचं वाटतं.

बाहेरून आलेल्या हौशी शिकाऱ्याला टॅग थेट मिळत नाही. त्याला टॅगधारक परवानाधारक शिकाऱ्यासोबतच जावं लागतं. म्हणजे लुईझियानात गाइड घेणं ही चैन नाही, तो कायद्याचाच भाग आहे.

कधी जायचं

राज्याचे दोन विभाग आहेत. पूर्व विभागाचा हंगाम ऑगस्टच्या शेवटच्या बुधवारी सुरू होतो, पश्चिम विभागाचा सप्टेंबरच्या पहिल्या बुधवारी. दोन्ही ६० दिवस चालतात. ही वेळ विचार करून निवडलेली आहे. मादी जून-जुलैत अंडी घालते, साधारण ६५ दिवसांनी पिल्लं बाहेर येतात, त्यामुळे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये माद्या आतल्या उथळ गवतात घरट्यांजवळ असतात. खोल, मोकळ्या पाण्यात त्या वेळी नर जास्त सापडतात. शिकार नरांकडे वळते आणि विणीच्या माद्या बऱ्याच अंशी वाचतात.

जमलं तर पहिले दोन आठवडे धरा. पाणी तेव्हा गरम असतं आणि ॲलिगेटर भुकेला असतो. ऑक्टोबरात थंड वारे सुरू होऊन पाणी २१-२२ अंशांच्या खाली गेलं की त्याची भूक मंदावते आणि गळावरचं आमिष दिवसेंदिवस तसंच लोंबत राहतं. शिवाय तोवर बऱ्याच गाइडांचे टॅग संपलेले असतात. अडचण एवढीच की सप्टेंबरचा पहिला पंधरवडा हा आखातातल्या चक्रीवादळांचाही ऐन मोसम असतो. विमानाचं तिकीट बदलता येईल असंच काढा. वादळामुळे शिकार रद्द झाली तर आगाऊ रक्कम परत मिळणार की पुढची तारीख मिळणार, हे आरक्षण करतानाच लेखी घ्या. वादळानंतर पाणी चढलेलं असेल तर जनावरं पसरून जंगलात शिरतात. पाणी फार उतरलं असेल तर ती खड्ड्यांत गोळा होतात, पण बोटच तिथवर जात नाही. गाइड तारीख बदलू म्हणाला तर त्याचं ऐका.

गाइड ठरवताना काय विचारायचं

भाव बहुधा जनावराच्या लांबीवर असतो: आठ फुटांपर्यंत एक दर, दहा फुटांच्या वर दुसरा, बारा फुटी म्हणजे वेगळाच. म्हणून पहिला प्रश्न असा की लांबी कोण मोजणार, कशी मोजणार, आणि मी मारलेलं जनावर ठरल्यापेक्षा मोठं निघालं तर जादा किती द्यायचे. लांबी नाकाच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत सरळ रेषेत मोजतात. दुसरा प्रश्न, टॅग हातात आहेत का, किती शिल्लक आहेत, आणि कुठल्या जमिनीचे आहेत. तिसरा, दरात काय धरलं आहे: कातडी सोलणं, मांस कापून पाकिटं करणं, बर्फ, राहणं, जेवण. कवटी स्वच्छ करणं किंवा मुंडकं भरून घेणं जवळपास नेहमीच वेगळं असतं, आणि त्याला कित्येक महिने लागतात. गाइडला आणि त्याच्या मदतनिसाला वर बक्षिसी देण्याची रीत आहे. पंधरा-वीस टक्के धरून चला.

जमीन दलदलीची आहे की गवताळ, हेही विचारा. ॲटचाफलाया खोऱ्यासारख्या दलदलीत सायप्रस आणि ट्युपेलोची झाडं पाण्यात उभी असतात, सावली असते, बोट छोटी आणि सपाट तळाची असते, आणि गळ झाडाच्या फांदीला टांगता येतो. किनाऱ्याकडच्या गवताळ पाणथळीत सावलीचा पत्ता नसतो, गळ बांबूवर लावतात आणि बऱ्याचदा एअरबोट, म्हणजे मागच्या मोठ्या पंख्याच्या जोरावर चालणारी बोट, असते. एअरबोटीचा आवाज कान बधिर करणारा असतो. लहान मुलं किंवा वडीलधारी मंडळी सोबत असतील तर आम्ही पहिल्या खेपेला झाडांची दलदल सुचवू.

लायसन्स, व्हिसा आणि बंदूक

हा मुद्दा एच-१बी, एल-१, एफ-१ किंवा पर्यटक व्हिसावर असलेल्यांनी नीट वाचावा. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार तात्पुरत्या व्हिसावरच्या परदेशी नागरिकाला बंदूक किंवा काडतूस बाळगता येत नाही. गाइडची बंदूक दोन मिनिटं हातात घेणंही यात येतं. या नियमाला जे अपवाद आहेत त्यांपैकी आपल्या उपयोगाचा एकच: त्या व्यक्तीकडे कुठल्याही अमेरिकी राज्याने दिलेलं, मुदतीतलं शिकारीचं लायसन्स असलं पाहिजे. म्हणून बोटीत पाय ठेवण्याआधी लायसन्स तुमच्या नावावर आणि खिशात हवं. ॲलिगेटरचं हौशी लायसन्स आणि सोबत साधं शिकारीचं लायसन्स, अशी दोन्ही काढून ठेवणं सुरक्षित. थोडे जादा पैसे गेले तरी व्हिसाशी खेळ नको. ग्रीन कार्ड असलेल्यांना ही अट लागू नाही.

जो फक्त बघायला येणार आहे त्याने बंदुकीला हात लावू नये. फोटोसाठीसुद्धा नाही.

अंगावर काय, पिशवीत काय

सप्टेंबरात हवा तीस-पस्तीस अंश आणि प्रचंड दमट असते. लवकर वाळणारा लांब बाह्यांचा शर्ट, पूर्ण पँट आणि गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घाला. सुती जीन्स एकदा भिजली की दिवसभर वाळत नाही. डासांसाठी डीट किंवा पिकारिडिन असलेलं मलम. कपड्यांवर परमेथ्रिन आदल्या दिवशी फवारून वाळवून ठेवा. माणशी तीन-चार लिटर पाणी आणि मीठ-साखरेची पुडी. पोलराइज्ड चष्मा घ्याच, कारण पाण्यावरची चकाकी गेल्याशिवाय खाली गेलेला दोर दिसत नाही. कानात घालायचे बोळे, पातळ पकडीचे हातमोजे, पावसाचं जाकीट (दुपारी विजांसह सर येतेच), आणि फोन घालायला पाणी न शिरणारी पिशवी.

हातापायांवर ताजी जखम असेल तर ती नीट झाकून घ्या. आखाताकाठच्या मचूळ पाण्यात व्हिब्रिओ जातीचे जिवाणू असतात आणि ॲलिगेटरच्या तोंडातही घातक जिवाणू असतात. साधा ओरखडा आला तरी लगेच साबणाने धुवायचा. लाली पसरू लागली किंवा ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

बोट फांद्यांखालून जाताना हाताने फांद्या बाजूला सारू नका. गांधीलमाश्यांची पोळी आणि कधी कधी विषारी कॉटनमाउथ साप तिथे असतात. पूर आल्यावर लाल मुंग्यांचे तरंगते गोळे दिसतात, त्यांनाही हात लावायचा नाही.

गळ लावणं

हे काम बहुधा आदल्या दिवशी दुपारी होतं. गाइड तुम्हाला सोबत घेत असेल तर जरूर जा, कारण दुसऱ्या दिवशीचं सगळं इथेच समजतं.

मोठा, जाड गळ, साधारण १०/० ते १२/० मापाचा. त्याला तीनशे पौंड किंवा त्याहून जास्त ताण सोसणारा विणलेला नायलॉनचा दोर, वीस-तीस फूट. दोराचं दुसरं टोक जिवंत झाडाच्या बुंध्याला, किंवा गवताळ भागात चिखलात खोल ठोकलेल्या खुंट्याला. आमिष म्हणून कोंबडीची तंगडी, गुरांची प्लीहा किंवा दोन दिवस उन्हात मुरलेला मासा. वास जितका उग्र तितका तो वाऱ्यावर लांब जातो. पण मांस इतकंही सडू द्यायचं नाही की गळावरून गळून पडेल. गळाचं टोक मांसातून आरपार जाऊन थोडं बाहेर राहिलं पाहिजे.

आता आमिष लोंबतं ठेवायचं. लांब बांबू तिरका रोवतात, त्याच्या टोकाला कपड्यांचा साधा लाकडी चिमटा बांधतात आणि दोर त्या चिमट्यात अडकवतात. ॲलिगेटरने आमिष ओढलं की चिमटा सुटतो, पुढचा सैल दोर मोकळा होतो, आणि त्याला काहीच ओढ जाणवत नाही, म्हणून तो आमिष गिळतो. दोर थेट बांबूला बांधला तर पहिल्याच झटक्याला त्याला खेच लागते आणि तो तोंडातलं सोडून देतो. नवख्यांच्या हातून सर्वात जास्त होणारी चूक हीच: सुटून जाईल या भीतीने दोर फार घट्ट अडकवतात.

आमिष पाण्यापासून किती वर ठेवायचं, यावर तुमच्या जनावराचं माप बरंचसं ठरतं. पाण्याला टेकलेलं आमिष कासवं, 'गार' नावाचे मासे आणि दोन-तीन फुटी पिल्लं कुरतडून टाकतात. दीड ते दोन फुटांवर ठेवलं तर ते उचलायला अंग पाण्याबाहेर काढू शकणारं, म्हणजे मोठं जनावरच लागतं. त्याहून वर नेलं तर सकाळी आमिष जसंच्या तसं, फक्त माश्यांनी भरलेलं मिळतं. किनाऱ्यालगत लाटांचा किंवा भरती-ओहोटीचा फरक असेल तर उंची भरतीच्या पाण्यावरून धरायची.

जागा निवडताना गाइड काय पाहतो त्याकडे लक्ष द्या: काठावर चिखलात पोट घासत गेल्याची गुळगुळीत घसरण, जलपर्णीतून किंवा साल्व्हिनियाच्या थरातून गेलेली मोकळी वाट, दोन खाड्यांचा संगम, खोल पाण्याशेजारचा कट्टा. हाताशी असलेल्या टॅगांपेक्षा जास्त गळ लावायचे नाहीत, आणि लावलेला प्रत्येक गळ रोज तपासायचा, असा नियम आहे. गळाला लागलेलं जनावर जिवंत सोडून देता येत नाही, म्हणून लहान जनावर लागू नये याची काळजी गळ लावतानाच घ्यावी लागते. सूर्योदयापूर्वी आणि सूर्यास्तानंतर शिकार करायची नाही.

दोर खाली गेलेला दिसला की

सकाळी लांबूनच बांबूकडे बघा. आमिष लोंबत असेल तर पुढे चला. बांबू रिकामा असेल आणि दोर ताणून पाण्यात किंवा गवतात गेलेला असेल तर जनावर आहे. दोर सैल असेल तर घाई करू नका. आमिष चोरीला गेलेलं असू शकतं, आणि जनावर बोटीकडे तोंड करून तळाशी बसलेलंही असू शकतं.

इथून पुढे बोटीवर गाइड एकटाच बोलेल. तुम्ही त्याने दाखवलेल्या जागी बसून राहायचं, बहुधा दोराच्या विरुद्ध बाजूला किंवा पुढच्या टोकाला. सगळे एका बाजूला झुकले तर सपाट तळाची बोटही कलंडते. पायाखाली पडलेल्या सैल दोराच्या वेटोळ्यात पाऊल नको. दोर हाताला गुंडाळायचा नाही, कधीच नाही. ॲलिगेटर अंगाभोवती गिरक्या घेऊ लागला की दोर त्याच्याभोवती गुंडाळला जातो, आणि तुमच्या हाताला वेढा असेल तर तो हातासकट ओढला जातो. मदत करायला सांगितलं तर उघड्या मुठीत धरा, जोर वाढला की सोडा. दुसरं टोक झाडाला बांधलेलं आहे, तो जाणार कुठे?

गाइड हातोहात, हळूहळू ओढतो. आधी बुडबुडे येतात, मग चिखलाचा ढग, मग पाणी एकदम फुटतं. पहिल्या उसळीला बंदूक उचलू नका. मोठं जनावर दोन-तीनदा खाली जाऊन दमतं, बोटीखाली शिरतं, तळाला शेपटीचा तडाखा देतं. त्याला दमू द्या. गळ पोटात उतरलेला असेल तर तो सहसा सुटत नाही. फक्त जबड्याच्या कडेला अडकलेला असेल तर गाइड जास्त सावकाश ओढेल, कधी दुसरा फेकगळ पाठीवर अडकवेल.

गोळी

बोटीत बहुधा पॉइंट २२ मॅग्नमची रायफल असते. लुईझियानात ॲलिगेटरवर छर्ऱ्याची बंदूक चालवायला बंदी आहे. एवढी छोटी गोळी का, असं नवख्यांना वाटतं. अंतर फार तर तीन-चार फुटांचं असतं, आणि तेवढ्यावरून गोळीचा जोर नव्हे तर जागा काम करते. मोठ्या गोळीने कवटी फुटते, बोटीला भोक पडू शकतं आणि पाण्यावरून उसळलेला तुकडा कुठेही जाऊ शकतो.

जागा अशी ओळखा. डोक्याकडे वरून पाहा: दोन डोळे, त्यांच्यामागे चौकोनी, सपाट, टणक हाडाची टोपी. ती टोपी जिथे संपते आणि मानेवरचे उंच खवले सुरू होतात, त्यांच्यामध्ये एक लहानसा खळगा असतो. बरोबर मध्यरेषेवर, एका नाण्याएवढी जागा. तिथे हाडाचं कवच नसतं, आणि मागून पुढे, किंचित खाली अशा तिरक्या दिशेने गेलेली गोळी थेट मेंदूच्या मुळाशी पोहोचते. समोरून, डोळ्यांमध्ये नेम धरला तर गोळी तिरक्या हाडावरून घसरते. जनावर जखमी होतं, पिसाळतं आणि कवटीही वाया जाते. ॲलिगेटरचा मेंदू अगदी इवलासा असतो. डोकं केवढंही मोठं असो, लक्ष्य तेवढंच.

घरून निघण्याआधी ॲलिगेटरच्या कवटीचे वरचे आणि बाजूचे फोटो पाहून ही जागा डोळे मिटून सांगता येईल इतकी पाठ करा. बोटीवर पाणी उडत असताना, ओरडाआरडा चालू असताना शोधत बसायला वेळ नसतो.

क्रम असा ठेवा. गाइड सांगेपर्यंत नळीत काडतूस नाही. तो म्हणाला की भरायचं, पण नळी बोटीबाहेर आणि पाण्याकडे, हाताचं बोट चापाबाहेर. डोकं पृष्ठभागावर येऊन क्षणभर स्थिर झालं, मान तुमच्याकडे पाठमोरी झाली, आणि गाइडचा हात व दोर नेमाच्या रेषेत नाही, या तिन्ही गोष्टी जुळल्या की गाइड "मार" म्हणेल. नळी खळग्यापासून काही इंचांवर आणा आणि चाप सावकाश दाबा. तिन्हींपैकी एक जरी नसेल तरी थांबा. जनावर पुन्हा वर येणारच आहे. गोळी चुकली तर लगेच दुसरी झाडू नका, पुन्हा डोकं स्थिर होऊ द्या.

गळ न लावता, मोकळ्या पाण्यात पोहणाऱ्या जनावरावर लांबून गोळी झाडण्याचा प्रकारही काही ठिकाणी चालतो. नवख्यांनी तो टाळावा, असं आमचं ठाम मत आहे. मेलेला ॲलिगेटर दगडासारखा तळाला जातो, दोर नसेल तर गाळात सापडत नाही, आणि जखमी होऊन निसटला तर कुठेतरी हळूहळू मरतो.

मेला म्हणजे मेला नव्हे

गोळी नेमकी बसली की जबडा सैल पडतो, पण शेपटी आणि पाय बराच वेळ हलतात. मज्जातंतूंची ती उरलेली हालचाल असते. पण नुसता बधिर झालेला ॲलिगेटरही असाच शांत दिसतो आणि पाच मिनिटांनी बोटीत उठून बसतो. म्हणून बोटीत घेण्याआधी गाइड दोन गोष्टी करतो: जबडा वरून दाबून चिकटपट्टीचे सहा-सात घट्ट वेढे, आणि मानेमागे सुरीने मणक्याचा छेद. जबडा बंद करण्याचं बळ भयंकर, पण उघडण्याचे स्नायू कमजोर असतात. त्यामुळे साधी चिकटपट्टीही पुरते. हे झाल्याशिवाय त्याच्यावर हात ठेवून फोटो काढायचा नाही. शेपटीच्या टप्प्यात कुणी उभं राहायचं नाही.

आठ फुटी जनावर साधारण पन्नास-साठ किलोचं असतं, बारा फुटी दोनशे किलोच्या आसपास. लांबी दीडपट होते तेव्हा वजन तिपटीच्या पुढे जातं. मोठं जनावर काठावरून आत घेताना पाठ सांभाळा आणि गाइडच्या मोजणीवर सगळ्यांनी एकदम उचला. पाण्यात असतानाच लांबीचा अंदाज घ्यायचा असेल तर डोळ्यांपासून नाकपुड्यांपर्यंतचं अंतर इंचांत बघा. जेवढे इंच, जवळपास तेवढे फूट.

टॅग तिथेच, त्याच क्षणी लावायचा. शेपटीच्या टोकापासून साधारण सहा इंचांवर, खालच्या बाजूने सुरीने छोटी चीर पाडून टॅगची पट्टी ओवतात आणि कुलूप बसवतात. एकदा बसलेला टॅग पुन्हा उघडत नाही. "आधी दुसऱ्या गळाकडे जाऊन येऊ, मग लावू" असं करायला गेल्यास टॅगविना जनावर बाळगल्याचा गुन्हा होतो. टॅगचा क्रमांक आणि लांबी तिथल्या तिथे लिहून घ्या, एक फोटो काढून ठेवा.

मांस, कातडी, कवटी

गरमीत मांस तासाभरात बिघडू लागतं. बोटीतच पोटाखाली आणि अंगावर ओला कपडा किंवा बर्फाच्या पिशव्या ठेवतात. धक्क्यावर आल्यावर थेट शीतघरात. कातडीची खरी किंमत पोटाकडच्या भागाला असते, म्हणून जनावर सिमेंटवरून फरफटत नेऊ नका. तुम्हाला पूर्ण कातडी हवी की फक्त पोटाची, पाठीच्या शिंगासारख्या खवल्यांसह की नको, हे सुरी लागण्याआधी सांगा. सोलल्यावर आतला मांसाचा आणि चरबीचा कण न् कण खरवडून, बारीक मीठ चोळून, गुंडाळून थंड जागी ठेवतात. मीठ कमी पडलं तर खवले सुटून येतात आणि मग काही करता येत नाही.

मांस मुख्यतः शेपटीचं, शिवाय गालाचं आणि पायांचं. पांढरं, घट्ट, माशाच्या आणि कोंबडीच्या मधलं. मात्र पिवळट चरबी आणि शिरा पूर्ण काढल्या पाहिजेत. रानटी, चिखलट वास त्या चरबीलाच असतो. इंचभराचे तुकडे, ताकात रात्रभर, मग आलं-लसूण, हळद, मालवणी मसाला लावून तांदळाच्या पिठात घोळवून तळलं की उत्तम लागतं. रश्श्यासाठी पायाचं मांस घ्या आणि सावकाश शिजवा. साल्मोनेलाचा धोका असल्याने आतपर्यंत ७४ अंश तापमान गेलं पाहिजे.

पाकिटांवर टॅगचा क्रमांक आणि तुमचं नाव लिहून घ्या. दुसऱ्या राज्यात नेताना विचारलं तर दाखवता येतं. विमानात कोरड्या बर्फात नेणार असाल तर माणशी अडीच किलोची मर्यादा आहे, आणि खोका हवाबंद असून चालत नाही.

फ्लोरिडात गेलात तर

तिथली पद्धत पार वेगळी आहे. सार्वजनिक पाण्यातला हंगाम १५ ऑगस्ट ते १ नोव्हेंबर असतो, परवाने सोडतीने मिळतात आणि एका परवान्यावर दोन टॅग असतात. परवाना नसलेल्याने परवानाधारकाला मदत करायची तर त्याला मदतनिसाचं लायसन्स लागतं. आमिषाचा गळ टांगून ठेवता येत नाही आणि रायफल चालत नाही. बहुतेक शिकार रात्री होते: डोक्यावरच्या दिव्यात तांबडे डोळे चमकतात, बोट हळूच जवळ नेतात, आणि दोर बांधलेला भाला किंवा मोठ्या काठीने फेकलेला फेकगळ जनावराच्या अंगात अडकवतात. भाल्याचं टोक आत राहतं, दांडा सुटतो, दोर आणि तरंगता गोळा हातात उरतो. दोर लागल्याखेरीज मारायचं नाही, हा तिथला पाया आहे. शेवटी बँग स्टिक, म्हणजे टोकाला काडतूस असलेली काठी, त्याच खळग्यावर टेकवून दाबतात. ती पाण्याखाली ठेवूनच उडवायची, नाहीतर धातूचे तुकडे बोटीत येतात. टॅग लावल्यानंतर चोवीस तासांत नोंद पाठवावी लागते. ज्याला रात्रीची बोट झेपते आणि भाला मारायचा आहे त्याने फ्लोरिडा निवडावं. पहिली खेप असेल तर आमचा कल लुईझियानाकडेच राहील.

भारतात काही न्यायचं असेल तर

कवटी, दात, कातडी, पट्टा, पाकीट, यातलं काहीही सामानात टाकून भारतात नेऊ नका. ॲलिगेटर वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या सायटीस कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. अमेरिकेबाहेर नेण्यासाठी तिथल्या मासे आणि वन्यजीव सेवेचं निर्यात परवानापत्र लागतं, आणि भारतात उतरताना वन्यजीव व कस्टम्सच्या अधिकाऱ्यांची मंजुरी वेगळी. विमानतळावर मगरीची कवटी आणि ॲलिगेटरची कवटी यांत फरक आहे हे पटवून देण्याची जबाबदारी तुमच्यावर येते, आणि कागद नसेल तर वस्तू जप्त होऊन गुन्हाही नोंदवला जाऊ शकतो. कवटी अमेरिकेतल्याच घरी ठेवा. गावी दाखवायला टॅगसकट काढलेले फोटो न्या.